अक्सुमच्या नाण्यावरील क्रूस

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र व हिंदी महासागर यांतील बंदरांची माहिती देणारे एक लहानसे पुस्तक लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. भडोच, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांच्या प्राचीन वैभवाचा विषय निघाला, की आपल्याकडील अभ्यासक या पुस्तकाचा हवाला हटकून देतात. त्याच पुस्तकाच्या आरंभीच्या भागात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अडुलिस नावाच्या बंदराचे वर्णन आलेले आहे. तिकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. वास्तविक त्या बंदराचा आपल्याशी संबंध जवळचा होता. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून अडुलिसला लोखंड व पोलाद जात असे; रुंद पन्ह्याचे सुती कापड, कमरपट्टे, मलमल आणि लाख जात असे. अडुलिसहून हस्तिदंत, कासवाची कवचे आणि गेंड्याची शिंगे बाहेर पडत. त्या मुलखाच्या राजाविषयीही या व्यापाऱ्याने दोन शब्द लिहिले आहेत. राजाचे नाव झोस्कालेस. पैशाच्या बाबतीत तो चिकट आणि अधिकाची हाव धरणारा, पण एरव्ही सज्जन असून ग्रीक विद्येत मुरलेला आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. सौदा करून परतलेल्या माणसाचाच हा अभिप्राय असावा, हे सांगावयास नको!

अडुलिसपासून तीन दिवस आत गेले की कोलोए हे हस्तिदंताचे पहिले बाजारपेठेचे गाव लागे; आणि तेथून आणखी पाच दिवसांच्या वाटेवर अक्सुम ही राजधानी होती. आजच्या इथिओपियाच्या उत्तर भागातील टिग्राय प्रांतात, सुमारे सात हजार फूट उंचीच्या पठारावर हे नगर आहे. खाली किनाऱ्यावर अंगाची लाही करणारे ऊन, आणि वर थंड हवा, बरा पाऊस, बैलांच्या नांगराने कसलेली जमीन, गव्हाची व सातूची पिके, असा हा प्रदेश. नाईलच्या पलीकडून येणारा हस्तिदंत याच पठारावर गोळा होई आणि मग घाट उतरून बंदरावर जाई. डोंगर आणि बंदर या दोहोंवर एकाच सत्तेची पकड बसली, तेव्हा अक्सुमचे राज्य मोठे झाले. तिसऱ्या शतकात इराणी धर्मसंस्थापक मानी याच्या उपदेशात जगातील चार थोर राज्यांची गणना आली आहे. तीत इराण आणि रोम यांच्या जोडीला अक्सुमचे नाव आहे.

त्याच शतकाच्या अखेरीस, सुमारे इ. स. २७० मध्ये, एंडुबिस या राजाने स्वतःची नाणी पाडण्यास प्रारंभ केला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस त्या काळी सोन्याचे नाणे पाडणारे दुसरे राज्य नव्हते. अक्सुमचे सुवर्णनाणे वजनाला रोमन मापाशी मिळतेजुळते ठेवलेले होते आणि त्यावरील अक्षरे ग्रीक होती. कारण ते घरच्या बाजारासाठी नसून परदेशी व्यापाऱ्याच्या हाती पडावयाचे होते. राजाच्या मुखवट्याच्या दोन्ही बाजूंस धान्याच्या लोंब्या आणि डोक्यावर चंद्रकोर व बिंब, असा त्याचा ठसा असे. हा चंद्रबिंबाचा ठसा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढील सर्व हकिकत एका अर्थाने त्याच्याभोवतीच फिरते.

या राज्याला सोने कोठून मिळे, याचे एक सुरस वर्णन सहाव्या शतकातील कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या प्रवासी व्यापाऱ्याने केले आहे. दर एक वर्षाआड राजाची माणसे दक्षिणेकडील सासू नावाच्या प्रदेशात जात. त्यांच्यासोबत इतर व्यापारीही निघत व हा तांडा पाचशेंच्या वर जाई. बरोबर बैल, मीठ आणि लोखंड घेतलेले असे. सोन्याच्या मुलखाजवळ आल्यावर ते काटेरी झुडपांचे कुंपण घालून तळ देत, बैल मारीत आणि मांसाचे तुकडे, मीठ व लोखंड त्या काट्यांवर मांडून ठेवीत. मग तेथील लोक येत, वाटाण्याएवढे सोन्याचे खडे हव्या त्या तुकड्यावर ठेवीत आणि दूर जाऊन उभे राहत. माल ठेवणाऱ्याला किंमत पटली तर तो सोने उचली व तुकडा त्या माणसाचा होई. पटली नाही तर तो सोन्याला हात लावीत नसे. मग दुसऱ्या पक्षाने आणखी एक-दोन खडे घालावेत किंवा आपले सोने घेऊन चालू लागावे. एकमेकांची भाषा येत नाही, दुभाष्या नाही, आणि तरीही व्यवहार चोख! जाऊन येऊन सहा महिने लागत आणि परतीच्या वाटेवर नद्यांना पूर येण्याआधी पठार गाठण्याची घाई असे. ज्या राज्याची तिजोरी अशा विश्वासाच्या व्यवहारावर भरत होती, त्या राज्यात परक्या माणसाला स्थान मिळाले, त्याच्या हाती हिशेबाच्या वह्या गेल्या आणि शेवटी त्याच्याच मार्गाने एक नवा धर्म आला, याचे फार नवल वाटू नये.

तत्पूर्वी अक्सुमचे जुने देव कोणते होते, ते पाहिले पाहिजे. पठारावरील संस्कृतीत तांबड्या समुद्राच्या पलीकडील, म्हणजे आजच्या येमेनमधील, लोकांचा अंश प्राचीन काळापासून मिसळलेला होता. अक्सुमच्या पूर्वेस येहा येथे त्या परंपरेतील दगडी देवालय ख्रिस्तपूर्व काळापासून उभे आहे. अक्सुमच्या राजांचे कुलदैवत महरेम हे होते. ग्रीक भाषेत लिहिताना ते त्याला ‘आरेस’ म्हणत, म्हणजे ते युद्धाचे दैवत होते. राजा हा केवळ त्याचा भक्त नव्हता, तर पुत्र होता. शत्रूकडून कधी जिंकल्या न गेलेल्या महरेमचा पुत्र, अशी पदवी राजा शिलालेखात आपल्या नावापुढे लावी. या पदवीत राज्याचा सर्व अधिकार साठविलेला होता. ज्याला देव बदलावयाचा असेल, त्याला आपला बापही बदलावा लागणार होता.

अक्सुमच्या स्तंभांकडे पाहिले म्हणजे या राजसत्तेचा जुना थाट ध्यानात येतो. राजांच्या थडग्यांवर अखंड दगडाचे प्रचंड स्तंभ उभारण्याची तेथे चाल होती. त्यांवर खोटी दारे, खिडक्या आणि तुळयांची टोके कोरून अनेक मजली वाड्याचा आभास निर्माण केलेला आहे. सर्वांत मोठा स्तंभ सुमारे ३३ मीटर लांबीचा व पाचशे टनांहून अधिक वजनाचा आहे. तो आज जमिनीवर तुकडे होऊन पडलेला आहे आणि बहुधा उभारतानाच कोसळला असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. दुसरा, सुमारे २४ मीटर उंचीचा स्तंभ १९३७ साली इटालियन सैन्याने तुकड्यांच्या रूपाने रोमला नेला. तो २००५ मध्ये परत आला आणि २००८ मध्ये मूळ जागी पुन्हा उभा राहिला. चौथ्या शतकानंतर असे राक्षसी स्तंभ उभारणे थांबले. तो काळ आणि धर्मांतराचा काळ एकच आहे.

धर्मांतराची कथा आपल्याला रुफिनस या लॅटिन इतिहासकाराने सांगितली आहे. पाचव्या शतकाच्या अगदी आरंभी त्याने ती लिहिली. तायर नगरीतील मेरोपियस नावाचा एक तत्त्वज्ञ ‘इंडिया’ पाहण्यासाठी निघाला. ज्ञानसंपादनासाठी दूरदेश पाहून आलेल्या मेट्रोडोरस नावाच्या दुसऱ्या एका पंडिताचे उदाहरण त्याच्या डोळ्यांपुढे होते. बरोबर त्याने आपल्या नात्यातील दोन मुले घेतली होती. थोरला फ्रुमेन्टियस आणि धाकटा एडेसियस. मुलांचे शिक्षणही व्हावे आणि जगही पाहून व्हावे, असा त्याचा हेतू. परतीच्या वाटेवर पाणी व शिधा घेण्यासाठी जहाज एका बंदरावर थांबले. तेथील लोकांचा रोमन साम्राज्याशी असलेला तह नुकताच मोडला होता. त्यांनी जहाजावर हल्ला करून तत्त्वज्ञासह सर्वांना ठार मारले. दोन मुले तेवढी एका झाडाखाली बसून आपला धडा घोकीत होती. त्यांची दया येऊन लोकांनी त्यांना राजाकडे नेले.

येथे ‘इंडिया’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. रुफिनसने अक्सुमच्या राज्यालाच इंडिया म्हटले आहे. त्या काळच्या ग्रीक व लॅटिन लेखकांत तांबड्या समुद्राच्या मुखापासून सिंहलद्वीपापर्यंतचा सारा प्रदेश या एका नावाखाली दडपून देण्याची रीत पडलेली होती. मिरी आणि मलमल जेथून येते ती इंडिया. आणि तो माल अडुलिसवरून येत असल्यामुळे अडुलिसही इंडिया! या घोटाळ्यामुळे ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचे कितीतरी जुने उल्लेख आपल्या देशाविषयीचे आहेत की आफ्रिकेविषयीचे, याचा उलगडा करताना विद्वानांची दमछाक झाली आहे. फ्रुमेन्टियसच्या बाबतीत मात्र संशयाला जागा नाही. कारण त्याचे नाव अक्सुमच्या संदर्भात एका स्वतंत्र अस्सल कागदात सापडते. त्या कागदाकडे पुढे वळावयाचेच आहे.

राजाने एडेसियसला आपला पेला भरणारा सेवक केले आणि फ्रुमेन्टियसची हुशारी पाहून त्याच्याकडे खजिना व पत्रव्यवहार सोपविला. काही काळाने राजा वारला. मरतेवेळी त्याने या दोघांना जेथे जावयाचे तेथे जाण्याची मोकळीक दिली होती. परंतु राणीच्या पदरी अज्ञान मुलगा होता. तिने त्यांना कळवळून विनविले, की मुलगा हाताशी येईपर्यंत तुम्ही राज्यभार सांभाळा. अशा रीतीने एके काळचा कैदी राज्याचा कारभारी झाला. या अधिकाराचा उपयोग फ्रुमेन्टियसने कसा केला, ते पाहण्यासारखे आहे. त्याने अक्सुमच्या लोकांना उपदेश करण्याचा उद्योग आरंभला नाही. राज्यात ये-जा करणाऱ्या रोमन व्यापाऱ्यांत ख्रिस्ती कोण आहेत, याचा त्याने शोध घेतला. त्यांना ठिकठिकाणी प्रार्थनेसाठी जागा करण्यास उत्तेजन दिले, जमीन दिली, लागेल ते साहाय्य दिले. म्हणजे या देशातील पहिली ख्रिस्ती मंदिरे व्यापाऱ्यांच्या वखारींच्या आसपास उभी राहिली असली पाहिजेत.

राजपुत्र जाणता होताच दोघांनी राज्य त्याच्या स्वाधीन केले आणि निरोप घेतला. एडेसियस तायरला आपल्या घरच्या माणसांत गेला व पुढे तेथे धर्मोपदेशक झाला. रुफिनसने ही सर्व हकिकत खुद्द त्याच्या तोंडून ऐकली होती. फ्रुमेन्टियस मात्र घरी गेला नाही. तो अलेक्झांड्रियास थांबला आणि तेथील बिशप अथनेशियस याला भेटला. अथनेशियस इ. स. ३२८ मध्ये त्या पीठावर आला होता. अक्सुममध्ये ख्रिस्ती मंडळींची संख्या वाढत आहे, त्यांच्यासाठी एखादा योग्य बिशप पाठवावा, अशी फ्रुमेन्टियसने विनंती केली. अथनेशियसने आपल्या सभेपुढे ती ठेवली आणि विचारले, की तुझ्याहून योग्य माणूस आम्ही कोठून आणावा? फ्रुमेन्टियसलाच दीक्षा देऊन त्याने परत पाठविले. इथिओपियाच्या परंपरेत ‘अब्बा सलामा’, म्हणजे शांतीचा पिता, आणि ‘प्रकाश प्रकट करणारा’ या नावांनी त्याचे स्मरण होते.

ही कथा भाविकपणे सांगितलेली आहे, हे उघड आहे. झाडाखाली धडा घोकणारी मुले, विनविणारी राणी, योग्य पुरुष समोरच उभा असल्याचा साक्षात्कार, या साऱ्यांवर कथेकऱ्याचा हात फिरलेला दिसतो. पण सुदैवाने अक्सुमच्या बाबतीत केवळ कथेवर विसंबून राहावे लागत नाही. राजाने स्वतःच दगडावर आपली साक्ष नोंदवून ठेवली आहे.

तो राजा एझाना. इथिओपियाच्या धार्मिक परंपरेत पहिले ख्रिस्ती राजे म्हणून अब्रेहा आणि अत्सबेहा या बंधूंचा गौरव होतो; एझानाचे नाव तेथे विसरले गेले. ते पुन्हा उजेडात आले ते नाण्यांवरून व शिलालेखांवरून. हेन्री सॉल्ट या इंग्रज प्रवाशाने १८०५ साली अक्सुम येथे त्याचा ग्रीक शिलालेख पाहिला आणि १९०६ मध्ये एन्नो लिटमन यांच्या नेतृत्वाखालील जर्मन मोहिमेने या नगराचे अवशेष व लेख यांचा पद्धतशीर अभ्यास केला.

एझानाचा एक लेख तिहेरी आहे. ग्रीक, स्थानिक गीझ भाषा, आणि तीच भाषा दक्षिण अरबी लिपीत, अशा तीन रूपांत त्याने बेजा लोकांवरील विजयाची हकिकत कोरविली. बंड केलेल्या बेजांच्या सहा प्रमुखांना त्यांच्या ४,४०० माणसांसह आणून, त्यांना अन्नवस्त्र देऊन, आपल्या राज्याच्या दुसऱ्या भागात वसविले, असे त्यात म्हटले आहे. या लेखात राजा अजून अजिंक्य आरेसचा, म्हणजे महरेमचा, पुत्र आहे. विजयाबद्दल कृतज्ञता म्हणून त्याने त्या देवाला एक सोन्याची, एक चांदीची व तीन ब्राँझच्या मूर्ती अर्पण केल्या. याच लेखात ग्रीक मजकुरात जेथे ‘इथिओपियन’ असा शब्द आहे, तेथे देशी मजकुरात ‘हबशत’ असा शब्द आहे. आपल्या भाषेतील ‘हबशी’ या शब्दाचे मूळ ते हेच. अरबी व फारसीच्या वाटेने तो दख्खनमध्ये आला आणि मलिक अंबरसारख्या पुरुषांच्या नावाशी जोडला गेला.

दुसरा लेख नाईलकडील नोबा व कासू या लोकांवरील स्वारीचा आहे. ही स्वारी मोठी होती. शत्रूची विटांची व गवती घरांची गावे जाळल्याचे, धान्याचे व कापसाचे साठे आणि देवळांतील मूर्ती नष्ट केल्याचे त्यात सांगितले आहे. परंतु येथे महरेमचे नाव नाही. विजय मिळाला तो ‘स्वर्गाच्या स्वामी’च्या सामर्थ्याने. राजाच्या पदवीतील जुने शब्द तसेच आहेत. मात्र शत्रूकडून जिंकला न गेलेला असा जो पिता, त्याच्या जागी देवाचे नाव जाऊन एल्ला अमिदा या मानवी पित्याचे नाव आले आहे. आपण न्यायाने राज्य करू आणि प्रजेवर जुलूम करणार नाही, असे वचनही राजाने दिले आहे. एका पदवीतील एक नाव बदलले, एवढेच. पण ते बदलताना राजाने देवपुत्र म्हणून मिळणारा मान सोडून दिला होता.

‘स्वर्गाचा स्वामी’ हा शब्द मोठा सावध आहे. तो ख्रिस्ती माणसाला मान्य होईल, ज्यू माणसाला मान्य होईल आणि जुन्या देवांच्या भक्तालाही फारसा खटकणार नाही. त्यामुळे एझाना खरोखर ख्रिस्ती झाला होता काय, असा प्रश्न अभ्यासकांपुढे बरीच वर्षे होता. १९६९ मध्ये अक्सुम येथे त्याचा आणखी एक ग्रीक लेख हाती आला. स्वारी तीच, नोबांवरची. पण येथे आरंभीच पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्यावरील श्रद्धा स्पष्ट शब्दांत प्रकट केलेली आहे आणि ख्रिस्ताचे नाव घेतलेले आहे. हे दोन लेख शेजारी ठेवले म्हणजे एझानाची राजनीती समोर येते. ग्रीक वाचणारा परदेशी व्यापारी आणि बिशप यांच्यासाठी एक भाषा. सरदार, सैनिक आणि पठारावरील शेतकरी यांच्यासाठी दुसरी, मोघम भाषा. कोणी याला दुटप्पीपणा म्हणेल. परंतु ज्या राजाची प्रजा अजून जुन्याच देवांपुढे नवस बोलत होती, त्याने सगळ्यांना एका दिवसात नवा देव गिळावयास लावला नाही, हे त्याच्या शहाणपणाचेच लक्षण मानले पाहिजे.

नाण्यांवर मात्र त्याने आडपडदा ठेवला नाही. त्याच्या आरंभीच्या नाण्यांवर चंद्रकोर व बिंब आहे. नंतरच्या नाण्यांवर त्या जागी क्रूस आहे. ख्रिस्ती क्रूस नाण्यावर आणणाऱ्या जगातील अगदी पहिल्या राजांत एझानाची गणना होते. पुढे अक्सुमच्या तांब्याच्या नाण्यांवर, हे राज्याला सुखकर होवो, अशा अर्थाचे शब्दही आले. सोन्याचे नाणे दूरदेशी जाई. तांब्याचे नाणे घरच्या बाजारात भाजी-धान्यासाठी फिरे. शिलालेख वाचण्यास अक्सुमला यावे लागे, पण क्रूसाचे चिन्ह कनवटीला बांधून कोणालाही घरी नेता येई.

एझानाने हे का केले? कॉन्स्टंटाईनच्या पाठिंब्याने रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळालेला होता आणि तांबड्या समुद्रावरील व्यापारात रोम हा अक्सुमचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता. गिऱ्हाइकाचा देव तो आपला देव, हा हिशेब चिकट झोस्कालेसच्या वारसाला सुचला नसेल, असे म्हणवत नाही. पण केवळ या हिशेबाने सर्व उलगडा होत नाही. हे दाखविणारा कागद आपल्या हाती आहे.

इ. स. ३५६ च्या सुमारास रोमन सम्राट कॉन्स्टँटियस याने एझाना आणि त्याचा भाऊ साझाना या दोघांना एक पत्र पाठविले. सम्राट त्या वेळी एरियसच्या पक्षाकडे झुकलेला होता. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नव्हे, असे त्या पक्षाचे म्हणणे. आणि अथनेशियस हा त्याचा कट्टर वैरी. सम्राटाने अथनेशियसला अलेक्झांड्रियातून हुसकावून लावले होते व त्याच्या पीठावर कपाडोशियाच्या जॉर्जची योजना केली होती. पत्रात त्याने लिहिले, की तुमच्याकडील बिशप फ्रुमेन्टियस याला अथनेशियसने दीक्षा दिलेली आहे, ती शुद्ध नव्हे; त्याला तत्काळ इजिप्तमध्ये जॉर्जकडे पाठवा, म्हणजे त्याची परीक्षा होईल. तो येण्यास टाळाटाळ करील, तर त्याच्या मनात काय आहे हे आपोआप सिद्ध होईल. भाषा भावाभावांतील जिव्हाळ्याची होती आणि तिच्याखालचा दाब कोणाच्याही लक्षात येण्यासारखा होता.

जगातील सर्वांत बलाढ्य सम्राटाची, आणि आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाची, ही मागणी होती. व्यापारी हिशेबच खरा असता, तर फ्रुमेन्टियसला पुढच्याच जहाजावर बसविण्यात आले असते. तसे काही झाल्याचा मागमूस नाही. १९६९ साली सापडलेल्या लेखातील पित्याची, पुत्राची व पवित्र आत्म्याची घोषणा अथनेशियसच्या बाजूशी सुसंगत आहे आणि इथिओपियाचे धर्मपीठ पुढे कायम त्याच बाजूला राहिले. ज्या परक्याने राज्य सांभाळून परत केले, त्याला राजाने परक्याच्या हाती दिले नाही. विनोद असा, की हे पत्र टिकून राहिले तेही अथनेशियसमुळेच. आपल्यावरील अन्यायाचा पुरावा म्हणून त्याने ते आपल्या बचावाच्या लेखात उतरून ठेवले. जॉर्जला मात्र ३६१ मध्ये अलेक्झांड्रियाच्या जमावाने ठार मारले.

राजा बदलला म्हणून राज्य बदलले, असे नव्हे. खेड्यापाड्यांपर्यंत नवा धर्म पोहोचण्यास फार वेळ लागला. येहाजवळ बेटा समाती येथे २०११ पासून झालेल्या उत्खननात चौथ्या शतकातील एका ख्रिस्ती मंदिराचा पाया सापडला. तेथे क्रूस कोरलेले दगडी लोलक मिळाले, तशीच बैलाचे मस्तक कोरलेली सोन्याची अंगठीही मिळाली. जुन्याची आणि नव्याची अशी शेजारवस्ती काही पिढ्या चालली असावी. पाचव्या शतकाच्या अखेरीस आणि सहाव्याच्या आरंभी सीरियाकडून व रोमन साम्राज्याच्या इतर भागांतून साधू आले. ‘नऊ संत’ म्हणून ते प्रसिद्ध आहेत. धर्म राजवाड्यातून रानावनात नेला तो त्यांनी. त्यांपैकी अब्बा अरेगावी याने देब्रे दामो या तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर मठ स्थापिला. तेथे आजही दोराला धरून कडा चढावा लागतो. परंपरा म्हणते, की त्या साधूला एका सर्पाने वर उचलून ठेवले. याच ठिकाणी १९४० साली शंभराहून अधिक कुशाण सुवर्णनाण्यांचा साठा सापडला, हे भारतीयांना मोठे कुतूहलाचे वाटेल. पेशावर-मथुरेच्या बाजूचे सोने, त्या दोराच्या कड्यावर!

बायबलचे गीझ भाषेत रूपांतर याच काळात झाले. गीझ लिपीत आधी केवळ व्यंजने लिहीत. एझानाच्या सुमारास व्यंजनाच्या आकृतीलाच लहानसा फेरफार करून स्वर दाखविण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या काना-मात्रा-वेलांटीसारखीच ही युक्ती आहे, आणि त्यामागे भारतीय लिपींचा प्रभाव असावा काय, अशी शंका काही विद्वानांनी बोलून दाखविली आहे. व्यापाराची दाटी पाहता शंका अगदीच अस्थानी नाही. पण ती शंकाच आहे. गरिमा मठातील सचित्र शुभवर्तमानांच्या हस्तलिखितांची कार्बन-परीक्षा झाली, तेव्हा ती चौथ्या ते सातव्या शतकांच्या दरम्यानची ठरली. म्हणजे ख्रिस्ती जगातील सर्वांत जुन्या सचित्र पोथ्यांत त्यांचे स्थान आहे. हनोखाचे पुस्तक हा प्राचीन ग्रंथ संपूर्ण स्वरूपात फक्त गीझमध्येच टिकला. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने १७७३ मध्ये त्याच्या प्रती युरोपात नेल्या, तेव्हा पाश्चात्त्य पंडितांना त्याचा पूर्ण लाभ झाला.

सहाव्या शतकात कालेब राजाच्या कारकिर्दीत हे राज्य ख्रिस्ती म्हणून समुद्रापलीकडे उभे राहिले. येमेनमधील हिम्यर राज्याचा यहुदी धर्म स्वीकारलेला राजा यूसुफ, ज्याला अरबी परंपरा धू नुवास म्हणते, त्याने ५२३ मध्ये नजरान येथील ख्रिस्ती लोकांची कत्तल केली. ५२५ च्या सुमारास कालेबने समुद्र ओलांडून त्याचा पराभव केला. स्वारीची तयारी चालू असताना कॉस्मस अडुलिसमध्ये होता. तेथील एका संगमरवरी सिंहासनावरील जुना ग्रीक लेख राजाला हवा होता, आणि तो उतरून देण्याचे काम या प्रवाशाकडे आले. याच कॉस्मसने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे आपले कल्याणच असावे, असे अनेकांचे मत आहे. म्हणजे अडुलिस आणि कल्याण या दोन जुन्या व्यापारी बंदरांत आता ख्रिस्ती उपासनाही चालू होती. एकीकडे अलेक्झांड्रियाचा बिशप, दुसरीकडे इराणचा.

इराणचा हा प्रभाव केवळ धर्मापुरता नव्हता. सम्राट जस्टिनियनने कालेबला विनविले, की भारतीयांकडून रेशीम तुम्ही खरेदी करून आम्हाला विका, म्हणजे इराणी शत्रूच्या हाती आमचा पैसा जाणार नाही. सहधर्मी म्हणून ही विनंती होती. कालेबने ती मान्य केली, पण ती पार पडली नाही. भारतीय जहाजे ज्या बंदरांना प्रथम लागत, तेथे इराणी व्यापारी आधीच ठाण मांडून बसलेले असत आणि सारा माल उचलीत. एका क्रूसाने दोन राजांना जोडले. रेशमाच्या भावाला तो काही जोडू शकला नाही. कालेबने पुढे राज्य सोडले, आपला मुकुट जेरुसलेमला पाठविला आणि मठात राहून अखेर केली, असे इथिओपियाची परंपरा सांगते.

सुमारे ५७० मध्ये येमेन इराणच्या ताब्यात गेला. सातव्या शतकाच्या आरंभी अक्सुमची नाणी बंद झाली आणि अडुलिस ओस पडत गेले. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केत छळ सोसणाऱ्या पहिल्या मुसलमानांपैकी काही जण समुद्र ओलांडून आले, तेव्हा अक्सुमच्या राजाने, अरबी परंपरेतील नजाशीने, त्यांना आश्रय दिला व परत मागणाऱ्यांच्या स्वाधीन केले नाही. पुढे समुद्रच अरबांचा झाला. राज्याचे केंद्र दक्षिणेकडे सरकले. अक्सुम व्यापाराचे नगर न राहता राज्याभिषेकाचे व यात्रेचे नगर झाले. बंदर गेले, सोन्याचे नाणे गेले, आणि बंदराच्या वाटेने आलेला धर्म तेवढा पठारावर राहिला.

अथनेशियसने फ्रुमेन्टियसला दीक्षा दिली, त्यातून एक रूढीही निर्माण झाली. इथिओपियाचा मुख्य धर्माध्यक्ष अलेक्झांड्रियाच्या पीठाने पाठवावयाचा, तो बहुधा इजिप्शियनच असावयाचा. एक धर्माध्यक्ष वारला, की राजांनी नाईलच्या खोऱ्यातून किंवा समुद्रमार्गे कैरोकडे वकील पाठवावेत, नजराणे द्यावेत आणि नव्या माणसाची वाट पाहावी, असा क्रम शतकानुशतके चालला. मधल्या काळात पीठ रिकामे राहिले तर दीक्षा देण्यास कोणी नसे. १९५१ साली प्रथमच एक इथिओपियन, अबुना बासिलियोस, या पदावर आले. आणि १९५९ मध्ये इथिओपियाच्या धर्मपीठाला स्वतःचा स्वतंत्र कुलगुरू मिळाला, तेव्हा त्या स्थानीही त्यांचीच स्थापना झाली.